दारातली काठी, भिंतीवरचा आरसा

तात्या, आयुष्यात पहिल्यांदाच तुला तात्या म्हणून हाक मारतोय. तू होतास तोवर मारली नाही, कारण मारून उपयोग नव्हता. खांद्याला हात लावायचा, नाहीतर भुईवर पाय आपटायचा, मग तू वळायचास. जन्मापासून तुझ्या कानात काही शिरलं नाही आन तोंडातून शब्द निघाला नाही. वाचताही येत नव्हतं. म्हणजे तू असतास तरी हे लिहिलेलं तुझ्यापर्यंत गेलंच नसतं. बहुतेक त्यामुळंच लिहायला धीर होतोय.

लोक चुलत्याला तुमी म्हणतात. आपल्या दोघांत तसलं काही नव्हतं, छातीकडं बोट केलं की झालं. म्हणून तूच म्हणतो.

माझ्याकडून एक काम राहिलं. तुला भिवंडीला आणायचं होतं. इथल्या एसटी स्टँडाजवळ एक चहाचं हॉटेल आहे, तिथं रविवारी दुपारी कोपऱ्यातल्या टेबलाला पाच माणसं बसतात. तुझ्यासारखीच, न ऐकणारी. त्यांच्यात तुला एकदा बसवायचं होतं. तासभर. तू तयार होतास, घोंगडंसुद्धा घडी करून ठेवलं होतंस. मीच म्हणालो, शिमग्याला. शिमगा अजून लांब आहे आन तू निघून गेलास. पोखर्णीच्या अलीकडच्या त्या खेड्यातून भिवंडीला यायचा विचार तुझ्या डोक्यात कसा शिरला, हे इथं कोणाला सांगायला गेलं तर टीव्हीपासून सुरुवात करावी लागते.

टीव्ही दादाच्या लग्नात आला. सोनपेठच्या वैनीच्या वडलांनी दिला, काळा-पांढरा, लहानसा, खोक्यासकट. त्याच्यासोबत माशाच्या काट्यासारखा अँटिना आन चपट्या वायरचं भेंडोळं. गावात तोवर दोनच घरांवर अँटिना होता. मेंढरंवाल्याच्या घरावर तिसरा चढणार म्हणून अर्धी आळी अंगणात जमली. आईनं डब्याला हळदकुंकू लावलं. पत्र्यावर चढायला तू. तुझ्याएवढं सपसप चढणारं दुसरं कोण होतं घरात!

दादा अंगणातून ओरडला, "आलं का?"

"मुंग्या!" आतून वैनी. पडद्यावर नुसतं पांढरं-काळं वळवळायचं, त्याला सगळे मुंग्याच म्हणायचे.

"आता?"

"मुंग्याच हायत ओ. आलं! आलं! बाई दिसायली! थांबवा त्यान्ला, थांबवा... गेलं."

"थांब की तात्या! आरं थांब!"

सगळी आळी 'थांब, थांब' म्हणून ओरडायली आन तू पाठमोरा, आपला गरागरा फिरवायलास. शेजारची गयाबाई म्हणाली, "त्याला काय वरडता रे? भिताडाला वरडल्यावानी."

दादा म्हणाला, "मग कसं करावं, गयाकाकू? माणूस वर, डबा आत."

मी अंगणाच्या मधोमध, तू मान वळवलीस की दिसेन असा उभा राहिलो. वैनीचं 'आलं' ऐकून हात वर करायचो. पण तिचं ओरडणं माझ्यापर्यंत, माझा हात तुझ्यापर्यंत, तोवर तुझी मूठ पुढं सरकलेली. ऊन डोक्यावर आलं. पोरं हसून हसून लोळायली. शेवटी तू पुरता वळून खाली बघितलंस आन तुला एवढी उघडी तोंडं दिसली. कुणाचं हसणं कुणाला लागून आहे, हे तुला न ऐकता कळायचं. तू दोरी सोडलीस, दांडा उपटलास आन आख्खा अँटिना खांद्यावर घेऊन खाली उतरलास.

"आरं ए! सासऱ्याची चीज हाय ती!"

तू दादाकडं बघितलंही नाहीस. सरळ आत गेलास. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडं, मग पडद्याकडं, मग अँटिन्याकडं. मीच बघीन, मीच फिरवीन. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

घरात तो काटा मावेना. आढ्याला अडकायचा, शिंक्याला अडकायचा, एकदा आईच्या पदराला अडकला. तू पकड घेतलीस आन बरगड्या काढाव्यात तशी एकेक कांडी काढलीस. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वायर जिथं जोडली होती तेवढी मधली वाकडी नळी ठेवलीस आन ती लोकरीच्या दोरीनं तुझ्या मेंढरामागच्या काठीला आडवी बांधलीस. झाला घरातला अँटिना. परभणीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाच्यांना दादानं नंतर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पत्रे के नीचे एंटिना? डब्बे में मुंडी डाल के आसमान देखते क्या मियाँ?"

बरोबरच म्हणाले. पत्र्याखाली मुंग्यांशिवाय काही येईना. पण एखादं मेंढरू चुकलं की तू जसा बांध न बांध, झुडूप न झुडूप बघत जायचास, तसा घरभर फिरलास. चुलीपाशी. कणगीमागं. देव्हाऱ्यापुढं काठी धरलीस तेव्हा आई म्हणाली, "आता द्येवाला बी दाखवतो का काय." शेवटी दाराच्या चौकटीत उभा राहिलास. परभणी त्याच अंगाला. काठी खांद्याएवढी वर, जराशी तिरपी. मुंग्या बसल्या आन चित्र आलं. स्वच्छ. माणसाच्या डोळ्याची पापणी दिसावी एवढं स्वच्छ.

दादानं काठी चौकटीला बांधली, चित्र गेलं. सोडून तुझ्या हातात दिली, आलं. परत बांधली, गेलं. त्यानं स्वतः धरली, नुसत्या सावल्या. तू धरलीस, आलं. असं का व्हायचं ते अजून कोणी मला नीट सांगितलेलं नाही. वैनीनं मात्र त्याच दिवशी निकाल दिला, "करंट धाकल्या मामंजींच्या अंगातच हाय."

मग ते ठरूनच गेलं. रविवारी सकाळी घर भरायचं. पोरं पुढं, बाया भिंतीकडं, गडी उंबऱ्याबाहेर उकिडवे. टीव्ही दाराशेजारी पेटीवर, तोंड आत. त्याच्यामागं चौकटीत उजव्या मुठीत काठी धरून तू. वायर आखूड, तिथून हलता येत नव्हतं. सगळ्यांना चित्र दिसायचं, तुला टीव्हीची पाठ. तू आमची तोंडं बघायचास. आमी हसलो की हसायचास, बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या की तू पण गंभीर. असे किती रविवार गेले, आन आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, तात्या. मी तर तुझा शागीर्द होतो.

हे मला लिहायलाच पाहिजे. सातवीत मी शाळा सोडली. गुरुजींनी उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची, हाताला घाम फुटायचा, येत असलेलं उत्तर सुद्धा कुठं जायचं कुणास ठाऊक. पोरं म्हणायची, "मुक्याच्या घरात दुसरा मुका." दादानं शिव्या दिल्या, आई रडली, चार दिवसांनी दोघं थकले. मी तुझ्यामागं मेंढरं घेऊन जायला लागलो. तिथं कोणी उभं करून काही विचारत नव्हतं. तुझ्याशी बोलताना माझे हात कधी अडखळले नाहीत. पण तू थकला नाहीस. दर जूनला तळहातावर बोटानं लिहिल्यासारखं करायचास, शाळेकडं हात दाखवायचास आन माझ्या पाठीत एक धपाटा. मी मान हलवायचो. तू परत लिहायचास, परत धपाटा. ज्याला एक अक्षर येत नव्हतं त्याचाच हट्ट सगळ्यात मोठा.

घरातल्या प्रत्येकाला तू खुणेचं नाव दिलं होतंस. दादा म्हणजे मिशीला पीळ. आई म्हणजे कपाळावर टेकवलेला अंगठा, तिच्या कुंकवाएवढा. वैनी आल्या आल्या तिला नाकातली चमकी मिळाली. मी म्हणजे छातीवर हलकी थापटी, कारण शाळेतून पळून आलो त्या दिवशी तू माझ्या छातीवर हात ठेवून आतली धडधड बघितली होतीस. तुला मात्र आमी कोणी नाव दिलं नाही. गाव ओठावर बोट ठेवायचं, मुका. आमीही तेच करायचो.

आरसा वैनीनं लावला. नवी सून, डोक्यावरचा पदर अजून ढळत नव्हता. एका रविवारी सगळे गेल्यावर आईला म्हणाली, "आत्या, त्यान्ला काहीच दिसत न्हाई ओ."

"कुणाला?"

"धाकल्या मामंजीला. तासभर धरून उभारत्यात आन बगत्यात आपली थोबाडं."

वैनीनं रुखवतातला मोठा आरसा काढला आन समोरच्या भिंतीला, कणगीच्या वर, खुंटीला टांगला. जरा पुढं झुकवला. मग तुला चौकटीत उभं राहायची खूण केली आन टीव्ही लावला. तू आरशात बघितलंस. एकदा मागं वळून टीव्हीच्या पाठीला हात लावलास, परत आरशात बघितलंस. नंतर वैनीकडं बघून दोन्ही हात जोडायला गेलास आन काठी पडली, चित्र गेलं, आन पदराआड का होईना, वैनी पहिल्यांदा खळखळून हसली.

दादा तुला चिडवायचा. हात उलटासुलटा करून, तुला समदं उलटं दिसायलंय म्हणायचा. खरंच होतं, आरशात अक्षरं उलटी दिसायची. तू खांदे उडवायचास. सुलटी असती तरी तुला काय!

आन मग ती बाई आली. रविवारची दुपार. बाकी लोक जेवायला गेले होते. दादा घोरायला, आई ज्वारी निवडायली. वैनी बटण बंद करायला उठली तेवढ्यात पडद्यावर एक बाई आली, साधी साडी, समोर बघत, आन हातानं बोलायला लागली. न ऐकणाऱ्यांसाठीच्या बातम्या होत्या. मला आधी गंमत वाटली. मग मी तुझ्याकडं बघितलं.

तू आरशात बघायलास आन काठी थरथरायली. पडद्यावर मुंग्या आल्या. तुला कळलं, तू हात घट्ट केलास, बाई परत आली. तुझा डावा हात आपोआप वर आला. तुला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. अंग हललं, परत मुंग्या. मग तू एकदम स्तब्ध झालास. श्वाससुद्धा जपून घ्यायलास. तिच्याशी बोलायचं तर ती जायची, ती राहायला पाहिजे तर हलायचं नाही. डोळ्यातून पाणी गालावर आलं, हनुवटीवर आलं, ते पुसायलाही तू हात उचलला नाहीस. वैनी बटणापाशी तशीच थांबली. संपल्यावर तू काठी खाली टेकवलीस, माझ्याजवळ आलास आन विचारलंस. ती बाई, तिचे हात, माझे हात, सारखेच का? मी म्हणालो, हो. तुझ्यासारखी आहेत. लांब, लय लांब, लय जणं आहेत. तू बोटं मोजलीस. पाच? दहा? मी आकाशाकडं हात केला, चांदण्यांएवढी. तुझा विश्वास बसला नाही.

पण त्यानंतर एक रविवार तू सोडला नाहीस. मेंढरं कुठंही असू देत, दुपारच्या आत घरी. पुराची चित्रं दाखवत असताना ती बाई जी खूण करायची तिच्यावरून तू 'पाणी' शिकलास. असंच 'गाव', 'उद्या', 'माणसं'. उजव्या मुठीत काठी, मोकळा डावा, त्या डाव्यानंच हळूच, अंग न हलवता करून बघायचास. वर्षाला एखाद-दुसरी खूण हाताला लागायची. मग रानात ती मला शिकवायचास, चुकलं की धपाटा. मी शागीर्द होतो म्हटलं ना, शाळा माझी तुटली नव्हती.

दोन वर्षांनी मी भिवंडीला आलो. गावातला एक जण यंत्रमागावर होता, त्याच्या ओळखीनं. मनमाडपर्यंत मी डब्यात पोटाशी पिशवी धरून बसलो होतो, पाणी प्यायलाही उठलो नाही. कारखान्यात शिरलो तर एवढा खटखटाट की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येईना. नवीन पोरं महिनाभर बावरतात. मी पहिल्याच दिवशी हातानं विचारलं, दोरा तुटला, कांडी कुठं, कोणता माग बंद? मुकादम माझ्याकडं बघतच राहिला. सुट्टीत बाहेर आल्यावर म्हणाला, "गावाकडं माग चालवत होतास का रे?"

"न्हाई साहेब. मेंढरं."

इथं मी टिकलो तो तुझ्यामुळं. माझ्या छातीतली धडधड इथंही आहे, तात्या. खोलीवर आठ जण, कोणी जोरात बोललं तरी दचकतो. पण मागाजवळ गेलो की मला बरं वाटतं. तिथं सगळेच बहिरे असतात.

त्या हॉटेलात मी गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा गेलो. हॉटेलवाल्याचा फळीवर टीव्ही आहे, त्याला दोन शिंगांचा अँटिना. क्रिकेट असलं की मालक स्वतः स्टुलावर चढून शिंग धरतो आन गिऱ्हाईकं खालून त्यालाच हुकूम सोडतात. कोपऱ्यातल्या टेबलावर पाच माणसं टीव्हीकडं पाठ करून हातानं बोलत होती. त्यातल्या एकानं पाणी मागितलं. तीच खूण! त्या बाईची, तुझी. दोन कप चहा पिऊन धीर केला, जवळ गेलो आन तुझी खूण केली. पाणी.

त्या पाचही जणांनी एकमेकांकडं बघितलं. मग हसायला लागले. रफीक नावाचा शिंपी आहे त्यांच्यात, मुंबईच्या बहिऱ्यांच्या शाळेत शिकलेला. त्यानं माझा डावा हात धरून खाली ठेवला, उजवा उचलला आन त्या हातानं ती खूण करवून घेतली. मग खिशातल्या कागदावर लिहिलं, तू डावरा आहेस का? मी उजव्या हातात त्याचीच पेन्सिल घेऊन 'नाही' लिहिलं. आन लिहिता लिहिता मला आरसा आठवला. वैनीचा रुखवतातला आरसा! त्यात उजवं डावं होतं. तू सहा वर्षं सगळं उलट्या हातानं शिकलास आन मलाही उलटंच शिकवलंस. मी एवढा हसलो की डोळ्यात पाणी आलं, आन त्यांना कारण सांगेपर्यंत चहाची दुसरी फेरी झाली.

दिवाळीला गावी आलो ते हेच सांगायला. तुला आरशापुढं नेलं, उजवा हात वर करायला लावला, आरशातला दाखवला. तू बघितलंस आन साफ नाकारलंस. त्या बाईला मी बघितलंय, तू नाही. तिचा हात हा. डावा. भिवंडीवाले चुकतात. मी म्हणालो, अरे ते शाळा शिकलेत. तू तळहातावर लिहिल्यासारखं केलंस आन माझ्याकडं बोट, मग शाळेकडं, मग भुवया वर. म्हणजे तू शिकलास का, मग तुला काय कळतं? आई म्हणाली, "बोलता येत न्हाई पर भांडायला कसा खंबीर हाय बग." दोन दिवस आपण भांडलो. शेवटी मी चिडून म्हणालो, मग चल भिवंडीला आन त्यांनाच सांग.

तू थांबलास. बोटं मोजलीस, पाच? मी म्हणालो, पाच. तू आत गेलास आन घोंगडं घडी करून घेऊन आलास.

खरं सांगतो, मी घाबरलो. मनमाडला गाडी बदलायची, कल्याणला उतरायचं, तिथं रूळ ओलांडून माणसं पळतात. मागून इंजिन आलं तर तुला कळणार कसं? गर्दीत हात सुटला तर तू कोणाला काय विचारणार? खोलीतले बाकीचे काय म्हणतील, हेही मनात आलं, ते लपवत नाही. मी म्हणालो, आत्ता नको, शिमग्याला येतो आन घेऊन जातो. तू चंद्र दाखवलास, वाढलेला, कमी झालेला, किती वेळा? मी चार बोटं केली. घोंगडं परत खुंटीला गेलं. निघताना तू वेशीपर्यंत आलास, माझ्या छातीवर थापटलंस आन डावा हात उंच करून दाखवलास. बघ, हाच खरा.

तार आली ती तू गेल्यावरच. थंडीत छाती भरली म्हणे, दोन दिवसांत झालं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, दगडफेकीच्या धास्तीनं परभणीच्या पुढं एसटी कधी सुटेल ते स्टँडवर कोणी सांगेना. सकाळपासून बाकावर बसून राहिलो, शेवटी पायी निघालो, पुढं एका बैलगाडीत. पोचलो ते राख सावडायच्या दिवशी. दादानं मला मिठी मारली नाही, नुसता म्हणाला, "उशीर केलास रे." आन मग स्वतःच रडायला लागला.

त्या रविवारी दुपारी मी वैनीला टीव्ही लाव म्हणालो. ती म्हणाली, "लावतच न्हाई आता. लावला की समदे दाराकडंच बगायलेत."

काठी चौकटीला टेकून होती. लोकरीची दोरी तीच, वायर तीच. मी उभा राहिलो, तुझ्यासारखी उजवी मूठ खांद्याएवढी वर, जराशी तिरपी. आरशात मुंग्या. हळूहळू काठी कलती केली, मुंग्या थोड्या बसल्या आन ती बाई आली, अर्धवट, सावलीसारखी. बातम्या दहा-पंधरा मिनिटांच्याच असतील. पण खांद्यापासून मनगटापर्यंत हात असा काही भरून आला की वाटलं आता सोडावाच. मेंढरांचं, मागाचं, सगळं काम या हातानं केलंय, पण असं नुसतं उंच धरून उभं राहणं वेगळंच. सहा वर्षं तू ते केलंस. आमच्यासाठी सकाळी तासभर, स्वतःसाठी दुपारी एवढंसं. त्या सहा वर्षांत एकदा तरी मी म्हणायला पाहिजे होतं, तात्या, तू बस, मी धरतो. माझ्या हातात चित्र नीट येत नव्हतं, हे खरं. पण म्हणायला तर पाहिजे होतं. आन वैनी उठून माझ्याजवळ आली, काठीच्या खालच्या बाजूला तिनंही हात लावला. चित्र जरा सुधारलं. आमी दोघं शेवटपर्यंत तसेच उभे राहिलो. आई ज्वारी निवडायची सोडून आरशात बघत होती.

परत आलो. दोन रविवार त्या हॉटेलाकडं गेलोच नाही. शिमग्याला तुला आणणार, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. रफीकनं तुझ्यासाठी सदरा शिवायचा म्हणून माप विचारलं होतं. तोंड कसं दाखवावं! काल मात्र गेलो.

रफीकनं बघताक्षणी विचारलं, काका? कधी?

मी डाव्या हातानं सांगितलं. उजव्यानं सांगायला मला आता येतं, पण तुझ्याबद्दल आहे म्हणून डाव्यानं. चुलता गेला. थंडीत. माझी वाट बघून. कोणी हसलं नाही, कोणी माझा हात धरून बदलला नाही. त्यांच्यात वयानं मोठा एक रंगारी आहे, नखांत कायम रंग. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आन विचारलं, त्याचं नाव?

मी कागद घ्यायला लागलो. रंगाऱ्यानं कागद बाजूला सारला. त्याला कागदावरचं नको होतं. हातातलं नाव पाहिजे होतं, जे घेऊन ते तुझ्याबद्दल पुढं कधी बोलू शकतील. माझं बोट ओठाकडं गेलं आन मधेच थांबलं. या पाच माणसांपुढं तुला मुका म्हणून ओळख द्यायची? तूही मुका, तेही मुके, त्यात तू कोण? आख्ख्या घराला नावं दिलीस आन तुझं नाव आमच्याकडं नाही. ते पाच जण वाट बघत होते. गुरुजींनी उभं केल्यासारखं झालं, हाताला तोच घाम.

मग मी उभा राहिलो. उजवी मूठ खांद्याएवढी वर घेतली, जराशी तिरपी. नजर समोरच्या भिंतीवर. आन हललो नाही.

रंगाऱ्यानं नीट बघून घेतलं आन तो उठला. त्यानं मूठ वर धरली. मग रफीक. मग बाकीचे तिघं, खुर्च्या मागं सारून. पाचही जण तुझं नाव धरून उभे राहिले.

हॉटेलवाला किटली घेऊन आला, आमच्याकडं बघितलं आन म्हणाला, "क्या रे, सब मिलके एंटिना पकड़ा है क्या?"

मी हात हलू दिला नाही.